दोन्ही दिवे पेटतात, पण लुकलुकत कुणीच नाही – एलईडीच्या किटचं काय चुकलं?

धूळपाटी

मंडळी, मदत हवी आहे. आठवीतल्या लेकीसाठी एक छोटं किट आणलं. दोन लाल एलईडी आळीपाळीने उघडझाप करतात, ते. पाकिटात पीसीबी (सुटे भाग बसवायची छापील पाटी), दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ४७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप. आयसी (तयार चिप) वगैरे काही नाही. सोबतच्या कागदावर 'वीस मिनिटांत तयार' असं लिहिलंय. आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. आता बॅटरी लावली की दोन्ही एलईडी झकास पेटतात आणि तसेच पेटून राहतात. लुकलुकायचं नाव नाही.

दुसरी शंका. यादीत ४७० ओहमचे दोन आणि १० के (दहा हजार ओहम) चे दोन रेझिस्टर आहेत. ४७० चे पटले (पिवळा, जांभळा, काळा, काळा, तपकिरी). पण उरलेल्या दोघांवर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी असे पट्टे आहेत. तक्त्यावरून ते १२० ओहम होतात! पाकीट भरणाऱ्याने चुकीचे टाकले का? आणि त्यामुळेच हे होतंय का? लेक म्हणते परत पाठवून दे. मला वाटतं चूक आमचीच असणार.

खटपट्या

ट्रान्झिस्टर उलटे बसलेत, पैज लावा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर तीन पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधे बरोबर उलटं, एमिटर, बेस, कलेक्टर. नेटवरच्या आकृत्या बघून लावलेत का? तसं असेल तर दोन नवे ट्रान्झिस्टर आणा, हातासरशी कपॅसिटरही बदला, काम फत्ते. यात रुपयाचं डोकं घालण्यासारखं काही नाही.

तारतम्य

काहीही बदलू नका. आधी मोजा.

रेझिस्टर बरोबर आहेत, वाचले उलटे आहेत. पाच पट्ट्यांचा १० के म्हणजे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी : १००, त्यावर दोन शून्यं. दोन्ही टोकांना तपकिरी असल्यामुळे कुठून सुरुवात करायची ते कळत नाही, आणि पलीकडून वाचलं की तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे १२०. हे दोन्ही आकडे बाजारात मिळतात म्हणून तर फसायला होतं. तुमचे ४७० वाले उलटे वाचून बघा, काहीतरी अचाट आकडा येईल, म्हणजे तिथे चूक आपोआप पकडली जाते. शेवटचा पट्टा जरा लांबवर काढलेला असतो असं म्हणतात, पण एवढ्याशा अंगावर ते अंतर मला तरी भिंगातूनही दिसत नाही. बॅटरी काढून मल्टीमीटर लावा. सर्किटमधे असताना आकडा थोडा कमी येऊ शकतो, पण १२० आणि दहा हजार यांत गफलत होणार नाही.

आणि समजा खरंच १२० चे असते, तर ते तुम्हाला मीटरशिवाय कळलं असतं. बॅटरीचे ९, त्यातून बेसचे ०.७ वजा, म्हणजे ८.३ व्होल्ट १२० ओहमवर. करंट ६९ मिलिअँपिअर, उष्णता अर्ध्या वॉटच्या वर. पाव वॉटचा रेझिस्टर, बोट लावलं असतं तर चटकाच बसला असता.

आता दुसरं काम. मीटर डीसी व्होल्टवर, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला कायमची अडकवा. बॅटरी जोडलेली ठेवून दोन्ही ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर आणि बेसवर किती व्होल्ट येतात ते लिहा. चार आकडे आणि बॅटरीचा एक. तोवर सोल्डरिंग आयर्न गरमच करू नका.

धूळपाटी

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दोन्ही रेझिस्टर ९.९ के! लेकीने पट्ट्यांचा तक्ता उलटा धरून मला दाखवला आणि 'बघ, तूच वाचलंस' असं ऐकवलं.

बॅटरी ८.७ व्होल्ट. डावा कलेक्टर ०.०९, उजवा ०.०८. दोन्ही बेस ०.७१. सपाट बाजू पीसीबीवरच्या चित्राप्रमाणेच आहे, पुन्हा तपासली.

तारतम्य

काका नाही, काकू. असू दे, सवय आहे.

खटपट्याभाऊ, पैज हरलात. कलेक्टर इतका खाली आणि बेस ०.७ वर, म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर सरळ बसलेत, जिवंत आहेत आणि पूर्ण उघडे आहेत, म्हणजे करंट जाऊ देताहेत. उलटा ट्रान्झिस्टर इतकं चोख काम करत नाही. एलईडी पेटताहेत म्हणजे तेही बरोबर. रेझिस्टर आपण मोजलेच. आता राहिलं काय?

कोराकागद

मधेच विचारतो, रागावू नका. मुळात हे लुकलुकतं कशामुळे? यात घड्याळ नाही, आयसी नाही. बॅटरी सरळ, मग दिवा का विझावा? मी असं किट लहानपणी जोडलं होतं, चाललंही होतं, पण का चाललं ते आजतागायत माहीत नाही.

तारतम्य

उत्तम प्रश्न, आणि धूळपाटींच्या बिघाडाचं उत्तरही त्यातच आहे.

प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बेसला १० के मधून पॉझिटिव्हकडून करंट मिळतो. म्हणजे दोघांचीही मूळ इच्छा उघडं राहायची, दिवा लावून बसायची. मग विझवतं कोण? शेजारी. डाव्याच्या कलेक्टरपासून उजव्याच्या बेसपर्यंत एक कपॅसिटर आहे, आणि उजव्याच्या कलेक्टरपासून डाव्याच्या बेसपर्यंत दुसरा. डावा बंद असतो तेव्हा त्याचा कलेक्टर वर असतो, सातेक व्होल्टवर, आणि तेवढ्यावर त्याचा कपॅसिटर भरतो. आता डावा एकदम उघडला की कलेक्टर सातावरून शून्यावर आपटतो. कपॅसिटरच्या दोन टोकांमधला फरक क्षणात बदलू शकत नाही. त्यामुळे त्याचं दुसरं टोकही तेवढंच खाली जातं, आणि उजव्याचा बेस ०.७ वरून थेट उणे सहाच्या आसपास जाऊन पडतो. उजवा बंद, दिवा गेला.

मग १० के मधून तो बेस हळूहळू वर चढायला लागतो. ०.७ ला पोचला की उजवा उघडतो, त्याचा कलेक्टर आपटतो, आणि आता डाव्याची पाळी. विहिरीतून वर चढून आलेला दुसऱ्याला आत ढकलतो, आणि हे असंच चालू राहतं. चढायला लागणारा वेळ साधारण ०.६९ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. १० के आणि ४७ मायक्रोफॅरड म्हणजे सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

धूळपाटींच्या पीसीबीवर दोघंही विहिरीच्या काठावर निवांत बसलेत. म्हणजे ढकलणारा हात कुठेतरी तुटलाय. यातला एक कपॅसिटर जरी सर्किटबाहेर असला तरी बरोबर हेच लक्षण दिसतं, दोन्ही दिवे कायम चालू. आता कुठला ते शोधायचं.

बॅटरी चालू ठेवा. एक तार निगेटिव्हला जोडा आणि तिचं दुसरं टोक डाव्या बेसला क्षणभर टेकवून उचला. (चुकूनही पॉझिटिव्हला जोडलेली तार बेसला लावू नका, ट्रान्झिस्टर जाईल.) टेकवलं की डावा दिवा विझेल, ते ठरलेलंच. बघायचं ते तार उचलताना : उजवा दिवा एकदा डोळा मिटून उघडतो का? मिटला तर डाव्या कलेक्टरवरचा कपॅसिटर ठणठणीत. मग हेच उजव्या बेसला करा आणि डाव्या दिव्याकडे बघा.

जुनारेडिओ

काकूंनी सांगितलेली युक्ती लिहून ठेवण्यासारखी आहे. एक पुस्ती जोडतो. तार टेकवल्यावर सगळं आपोआप लुकलुकायला लागलं तर बिघाड नाहीच असं समजा. या सर्किटला व्होल्टेज सावकाश चढत मिळालं तर धडधाकट असूनही दोघं एकदमच उघडतात आणि अडकून बसतात. बेंच सप्लायची खुंटी शून्यापासून हळूहळू फिरवत नेली की हा प्रकार बघायला मिळतो. बॅटरीची क्लिप फटकन बसते, म्हणून सहसा होत नाही. मी एकदा याच्यामागे अख्खा रविवार घालवला आहे आणि शेवटी दोष माझ्या मनगटात निघाला.

अवांतर : या सर्किटचं वय शंभराच्या पुढे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आंरी आब्राहाम आणि यूजेन ब्लॉख या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी दोन ट्रायोड व्हॉल्व्ह वापरून हेच केलं, आणि १९१९ मधे ते छापून आलं. त्यांना दिवे लुकलुकवायचे नव्हते, रेडिओची फ्रिक्वेन्सी मोजायची होती. या सर्किटमधून चौकोनी लहर निघते, आणि तिच्यात मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या असंख्य लहरी असतात, म्हणून नाव पडलं मल्टिव्हायब्रेटर. ट्रान्झिस्टर आले ते पुढे १९४७ मधे. व्हॉल्व्ह गेले, जोडणी तीच राहिली.

खटपट्या

पैज हरलो हे मान्य. पण मंडळी, आजच्या काळात दोन ट्रान्झिस्टरची ही कसरत कशाला? ५५५ घ्या. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मधे आखलेली आयसी, १९७२ पासून बाजारात, आजही तशीच चालते. दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर, संपलं. कपॅसिटर बॅटरीच्या एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत चढतो आणि उतरतो, त्यामुळे बॅटरी उतरली तरी वेळ फारसा बदलत नाही.

सातवापाय

आणि बिघडलं तर? आठ पायांच्या काळ्या डबीत लेकीला काय दाखवणार? इथे चार ठिकाणी मीटर लावून आपण बिघाड निम्म्यावर आणला. ५५५ माझी लाडकी आहे (नाव बघा), पण पहिलं किट दोन ट्रान्झिस्टरचंच असावं.

खटपट्या

बरं बाबा.

धूळपाटी

केलं! डाव्या बेसला तार टेकवून उचलली की उजवा दिवा एकदा मिटतो. दर वेळी, न चुकता. उजव्या बेसला केलं तर उजवा विझतो, पुन्हा लागतो, पण डावा ढिम्म. लेकीने दहा वेळा करून बघितलं, आता तिला तोच खेळ झालाय.

म्हणजे उजव्या कलेक्टरकडून डाव्या बेसला जाणारा कपॅसिटर. बरोबर ना?

आणि आता एक कबुली. हाच कपॅसिटर आम्ही आधी उलटा लावला होता. बॅटरी जोडायच्या आधीच लेकीच्या लक्षात आलं (अंगावरचा पट्टा निगेटिव्हच्या बाजूला हवा, आमचा पलीकडे होता), म्हणून काढून पुन्हा लावला. काढताना जरा ओढाओढ झाली होती.

जुनारेडिओ

'जरा ओढाओढ' म्हणजे पकडीने?

धूळपाटी

पकडीने.

जुनारेडिओ

मग आकृती बघायचीही गरज नाही. पॅड उचकटलाय. भोकाभोवतीची तांब्याची गोल चकती फक्त डिंकाच्या आधारावर चिकटलेली असते. सोल्डर पूर्ण वितळायच्या आत पाय ओढला की ती पायाबरोबर उठून येते आणि तिथे ट्रॅक (पाटीवरची तांब्याची रेघ) तुटतो. नंतर तुम्ही परत सोल्डर टाकलंत, छान चकचकीत गोळा झाला, पण तो गोळा कशालाच जोडलेला नाही. नुसता पायाला धरून बसलाय. ड्राय सोल्डर निदान खडबडीत आणि मळकट दिसून चुगली तरी करतो, हा मात्र तोंड वर करून खोटं बोलतो.

बॅटरी काढा. मीटर बझरवर (दोन टोकांमधे जोड असला की वाजतो). एक टोक कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावर, दुसरं डाव्या ट्रान्झिस्टरच्या बेसच्या पायावर. वाजायला हवं. मग पॉझिटिव्ह पाय ते उजवा कलेक्टर. तेही वाजायला हवं. टोकं सोल्डरच्या गोळ्यावर नाही, पायाच्या धातूवर टेकवा.

धूळपाटी

निगेटिव्ह पाय ते डावा बेस : वाजत नाही!! दुसरं वाजतं.

भिंगातून बघितलं तर गोळ्याच्या कडेला ट्रॅक केसाएवढा तुटलेला दिसतो. आता पीसीबी फेकायची का?

तारतम्य

फेकायची कशाला? रेझिस्टरचे कापलेले पाय कचऱ्यात गेले नसतील तर त्यातला एक घ्या. कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायापासून डाव्या ट्रान्झिस्टरच्या बेसच्या पायापर्यंत, पीसीबीच्या मागच्या बाजूने, पूल टाका. वाटेत दुसऱ्या कुठल्या जोडाला चिकटत नाही एवढं बघा. तुटलेला ट्रॅक खरवडून तिथल्या तिथे सांधता येतो, पण पहिल्या खेपेला त्या फंदात पडू नका.

जुनारेडिओ

आणि सोल्डर करताना आयर्नचा बिट (टोक) पाय आणि पॅड दोघांना एकदम टेकवा, मनात दोन आकडे मोजा, मग सोल्डरची वायर जोडाला लावा, बिटला नाही. वायर बाजूला, मग बिट बाजूला, आणि गार होईपर्यंत हलवू नका. तीन सेकंदांत आटपायला हवं. ६३/३७ ची शिसेवाली वायर १८३ अंशांना वितळते, बिनशिशाची २१७ च्या पुढे. दुसरी असेल तर थोडा धीर जास्त धरा. काढताना विक (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी) वापरा. विक नसेल तर ताजं सोल्डर थोडं घालून जोड पूर्ण पातळ करा, पाय अलगद सुटतो. जोर लावावा लागतोय म्हणजे अजून वितळलं नाही. शिसेवाली वायर असेल तर काम झाल्यावर दोघींनी हात धुवा.

धूळपाटी

चाललं!!! टिक टॉक टिक टॉक. खोलीतला दिवा घालवून आम्ही दोघी पाच मिनिटं नुसत्या बघत बसलो होतो. पूल लेकीने टाकला, मी फक्त चिमटा धरला. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काकूंना विशेष.

आता तिचे प्रश्न. डावा दिवा उजव्यापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो असं तिला वाटतं. आणि हे हळू करायचं असेल तर काय बदलायचं?

सातवापाय

असमान असणारच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर लिहिलेला आकडा आणि खरा आकडा यांत वीस टक्के इकडेतिकडे चालतं. खात्री करायची तर दोन्ही कपॅसिटरची अदलाबदल करा. आता उजवा जास्त वेळ लागायला लागला तर दोष कपॅसिटरचा, डावाच राहिला तर रेझिस्टर किंवा आणखी काही. (या वेळी विक वापरा हो.)

हळू करायला ४७ ऐवजी १०० मायक्रोफॅरड टाका, दुप्पट वेळ होईल. रेझिस्टर वाढवूनही वेळ वाढतो, पण त्याला मर्यादा आहे. एलईडीला साधारण १५ मिलिअँपिअर जातात. ट्रान्झिस्टर करंट दोनशे पट करतो असं धरलं तर बेसला निदान ०.०७५ मिलिअँपिअर हवेत. १०० के लावला तर जेमतेम तेवढेच पोचतात, आणि पट कमी असलेला नग हाती आला तर दिवा अर्धवट पेटेल किंवा लुकलुकणं अडखळेल. ४७ के पर्यंत बिनधास्त जा.

कोराकागद

एक लाल काढून निळा लावला तर?

सातवापाय

चालेल. लाल जवळजवळ दोन व्होल्ट घेतो, निळा तीनच्या आसपास, म्हणून निळ्यातून करंट थोडा कमी जाईल. ९ व्होल्टवर काही अडत नाही. ३ व्होल्टवर निळ्याचा नाद सोडा.

धूळपाटी

अदलाबदल केली, उजवा जास्त वेळ लागायला लागला! कपॅसिटरच होता. मग १०० मायक्रोफॅरडचे टाकले. लेकीने फोनवर वेळ लावून डाव्या दिव्याच्या तीस उघडझापा मोजल्या : ३८ सेकंद. तिच्या गणिताने एका बाजूचे ०.६९ सेकंद, दोन्ही बाजू मिळून १.३८, गुणिले तीस म्हणजे ४१ पेक्षा थोडं जास्त. तीन वेळा मोजलं, ३८ च येतात. ती म्हणते काकूंचं सूत्र चुकीचं आहे. मी गप्प बसले.

तारतम्य

लेकीचं बरोबर आहे. ०.६९ हा आकडा कपॅसिटर बॅटरीच्या पूर्ण व्होल्टेजवर भरतो असं धरून येतो. आपल्या सर्किटमधे कलेक्टरच्या वाटेत एलईडी आहे. करंट अगदी कमी झाला तरी तो दीडेक व्होल्ट आपल्यापाशी ठेवून घेतो, म्हणून कलेक्टर ८.७ पर्यंत न जाता सातच्या आसपास थांबतो. म्हणजे बेस विहिरीत तेवढा खोल जात नाही, उणे ६.३ पर्यंतच. तिथून निघून ०.७ गाठायचं : १५ भागिले ८, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम ०.६३. आठवीत लॉगरिदम नसतो, आत्ता एवढंच सांगा की विहीर थोडी उथळ आहे. ०.६३ गुणिले दोन गुणिले तीस, ३७.८.

इतकं चपखल जुळलं त्यात थोडा योगायोगही आहे, कपॅसिटरचे वीस टक्के विसरू नका. पण तीनदा मोजून तिने आकडा बदलला नाही, सूत्रावर संशय घेतला. माझ्याकडून तिला शाबासकी.

जुनारेडिओ

त्या उणे ६.३ वरून आठवलं. बीसी ५४७ च्या बेस-एमिटरला उलटं व्होल्टेज जास्तीत जास्त ६ चालतं, असं त्याच्या डेटाशीटमधे आहे. ९ व्होल्टवर आपण त्या कुंपणावर बसलोय. लगेच काही होत नाही, अशी किटं वर्षानुवर्षं चालतात. पण रोज तासन्‌तास लावून ठेवणार असाल तर दीड व्होल्टचे चार सेल वापरा, ६ व्होल्ट. दिवे किंचित मंद होतील. नाहीतर प्रत्येक एमिटर आणि निगेटिव्ह यांच्यामधे एकेक १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) घाला.

धूळपाटी

चार सेलचा डबा लावला. काकूंची शाबासकी वाचून दाखवली, स्वारी हवेत आहे. विहीर उथळ म्हणजे काय ते तिला कळलं, मला दोनदा वाचावं लागलं.

आता तिला तीन दिवे एकामागोमाग एक फिरवायचेत. तिसरा ट्रान्झिस्टर याच साखळीत घालता येईल का? नवं किट नको म्हणते, ब्रेडबोर्डवर (सोल्डरशिवाय जोडायच्या भोकांच्या पाटीवर) स्वतः जोडणार.

सातवापाय

येईल. तीन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, पहिल्याचा कलेक्टर कपॅसिटरमधून दुसऱ्याच्या बेसला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, तिसऱ्याचा पुन्हा पहिल्याच्या. अडकून बसलं तर काकूंची तार आहेच.

खटपट्या

ब्रेडबोर्ड घेणार असाल तर एक सांगतो, इथे तरी पैज हरणार नाही. लांब ब्रेडबोर्डांच्या कडेच्या लाल-निळ्या पॉवरच्या ओळी काही वेळा मधोमध तुटक असतात. वरची रेघ मधेच खंडित दिसली तर समजा अर्ध्या भागाला वीजच नाही. जोडायच्या आधी बझर लावून बघा.

धूळपाटी

लावला. तुटक आहे.